कसारा घाट आणि आमची मॅटाडोर

१९९७ च्या मे महिन्यात मोठ्या भावाच्या जुन्या मॅटाडोरमधून आम्ही तेरा माणसे कल्याणहून नाशिकला निघालो. गाडीवरच भावाचे घर चालायचे. कसाऱ्यापर्यंत ती गुणाने धावली. घाट लागताच मात्र दुसऱ्या गिअरलाही धापा टाकू लागली. पोरे विचारू लागली, "काका, उतरून ढकलू का?"

घाटाखालच्या मिस्त्रीने पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवून दिले. गाडी पळाली खरी, पण मागे काळ्या धुराचा लोट! डिझेल वाढले तरी हवा तेवढीच, मग ते पुरते जळणार कसे? त्याची काजळी होते आणि इंजिन तापते. अर्ध्या घाटात पाणी उकळले. तासभर थांबलो, गाडी निवली, तेव्हा वहिनीने प्यायला घेतलेली कळशी रेडिएटरमध्ये गेली. गॅस्केट उडाले असते तर हप्ते कोण भरणार, या विचाराने भाऊ गप्पच होता.

इगतपुरी सुमारे ६०० मीटर उंचीवर. हवा गार, पण थोडी विरळही. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने आधी स्क्रू पूर्वीच्या जागी आणला. मग एअर फिल्टर काढून दाखवला. धुळीने गच्च! तो बदलला, टॅपेट जुळवले, नॉझल साफ केले. इतकेच.

परतीला उतार होता, त्यामुळे फरक कळला नाही. पुढच्या खेपेला भावाने मुद्दाम मला शेजारी बसवले आणि घाटात मागचा धूर बघायला लावले.