दादीचे पोटीस

आंब्याचे दिवस सरत आले की आमच्या पनवेलच्या घरात कुणाच्या ना कुणाच्या अंगावर गळू उठायचेच. "हादडा अजून आंबे!" दादी म्हणायची आणि आम्ही भावंडे गुन्हेगारासारखी गप्प बसायचो. आंब्याचा यात काही दोष नाही, हे आम्हाला फार उशिरा समजले. केसाच्या मुळाशी जंतू शिरतात. घाम, घासणारे कपडे, एकमेकांचे टॉवेल त्यांच्या मदतीला असतात. आम्हा सात जणांत टॉवेल दोन. बिचारा हापूस उगाच बदनाम झाला.

दादी स्टोव्हवर कढई चढवायची. कणीक, चिमूटभर हळद, थोडे तेल, पाणी. शिजलेला गोळा धुतलेल्या फडक्यात बांधून आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघायची, मग 'बिस्मिल्ला' म्हणून गळवावर. दिवसातून तीन-चार वेळा. काही दिवसांत गळवाला तोंड पडे आणि पू आपणहून वाहून जाई. पिळायला सक्त मनाई होती. नाकाजवळच्या पुळीला बोट लावले तर पाठीत धपाटाच बसे. तिथल्या शिरांतून जंतू मेंदूपर्यंत जाऊ शकतात, हे आम्ही पुढे पुस्तकात वाचले. दादीला अक्षरओळख नव्हती.

आज डॉक्टरही शेकच सांगतात. सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून पिळलेले स्वच्छ फडके, दहा-पंधरा मिनिटे. म्हणजे गुण उबेचा होता, हळदीचे फक्त नाव. १८७२ साली सुरू झालेल्या धूतपापेश्वरच्या औषधांनी पनवेलचे नाव दूरवर नेले. आमच्या मोहल्ल्यात मात्र नाव दादीच्या पोटिसाचे.

आणि एका रमजानात तिच्याच पाठीवर गळू उठले. तिला साखर होती. परक्या पुरुषापुढे पाठ उघडी कशी करायची, म्हणून तिने कुणाला सांगितलेच नाही. पाठीपर्यंत तिचा हात पोचत नव्हता, पोटीस तरी कोण लावणार? सहरीला उठायची, रोजा धरायची, तरावीहला उभी राहायची. कपडे धुताना अम्मीला कुर्त्यावर डाग दिसला.

"अम्मा, हे काय?"

"काही नाही. घामोळे आहे."

अम्मीने जबरदस्तीने कुर्ता वर केला. एक तोंड नव्हतेच, चाळणीसारखी पाच-सहा होती आणि भोवतीची कातडी जांभळी पडली होती. अंग तापाने फणफणत होते. अब्बांनी त्याच रात्री रिक्षा आणली. सुदैवाने बाई डॉक्टर होत्या. त्यांनी चिरा दिला, इन्सुलिन सुरू केले आणि अब्बांना बाजूला घेऊन म्हणाल्या, आणखी दोन दिवस गेले असते तर सांगता आले नसते.

आम्ही बाहेर बाकावर बसून होतो. ज्या बाईने आमचे प्रत्येक गळू मांडीवर घेऊन शेकले, तिची पाठ आमच्यापैकी एकानेही कधी बघितली नव्हती.

ती ईद दादीने पालथे झोपून काढली. सुटलेले रोजे पुढे थंडीत पुरे केले, तेही डॉक्टरीणबाईंना विचारून.

त्यानंतरही बायका पोटीस मागायला येत. दादी कढई चढवायची, पण आधी विचारायची, "साखर आहे का? ताप? किती दिवस झाले?" एखादी 'हो' म्हणाली की कढई खाली उतरायची आणि दादी आमच्यापैकी एकाला तिच्यासोबत दवाखान्यात पिटाळायची.