सर, आमच्या वावरात दगड उगवतात!

मातीची धूप शिकवताना बाटल्यांचा प्रयोग आपण बहुतेक जण करतो. पाण्याच्या तीन बाटल्या आडव्या कापायच्या. एकीत नुसती माती, दुसरीत मातीवर पालापाचोळा, तिसरीत गवतासकट उचललेलं ढेकूळ. वरून झारीने सारखंच पाणी घालायचं आणि तोंडाशी ठेवलेल्या ग्लासात काय जमतं ते बघायचं. पहिल्या ग्लासात चहा, तिसऱ्यात जवळजवळ स्वच्छ पाणी. (धूप म्हटल्यावर "देवापुढे लावतात ती?" हा प्रश्न दरवर्षी येतोच. येऊ द्यावा.)

यंदा त्यात दोन गोष्टी वाढवल्या. नुसत्या मातीच्या बाटलीखाली आधी एक वीट ठेवली, मग दोन. पाणी तेवढंच, पण उतार वाढला तसा ग्लासातला गाळ वाढला. पाण्याला धाव मिळाली की त्याची माती वाहून न्यायची ताकद वाढते, हे वेगळं सांगावं लागलं नाही. दुसरं म्हणजे बाटलीमागे पांढरा कागद उभा धरला. त्यावर चिखलाचे शिंतोडे उडाले. पावसाचा मोठा थेंब तासाला ३० किलोमीटरच्या आसपास वेगाने जमिनीवर आदळतो. आधी तो मातीची ढेकळं फोडतो, मग वाहतं पाणी ती माती उचलून नेतं. पाचोळा किंवा गवत असलं की तो मार त्यांच्यावर बसतो.

एवढं झाल्यावर चौथीतली एक मुलगी म्हणाली, "सर, आमच्या वावरात दरसाली दगड उगवत्यात. बाबा येचून टाकतो, तरी परत येत्यात."

वर्ग हसला. मी मात्र पुढचा पाठ बाजूला ठेवला, कारण पोरीने बघितलेलं अगदी खरं होतं. दगड वर येत नाहीत, भोवतालची बारीक माती निघून जाते. आमच्याकडे डोंगरउतारावर नाचणी, वरई घेतात. पूर्वी दोन-तीन पिकं झाली की ती जमीन काही वर्षं पडीक सोडायचे, गवत माजायचं. आता वाटण्या होऊन तुकडे लहान झालेत, जमीन पडीक टाकणं परवडत नाही.

मग गणिताचा तास तिथेच घेतला. एका एकरावरून फक्त एक मिलीमीटर थर गेला तर किती माती गेली? एकर म्हणजे सुमारे ४,००० चौरस मीटर, म्हणून ४ घनमीटर. आमच्या पोरांना घनमीटर कळत नाही, ब्रास कळतो. जवळजवळ दीड ब्रास! "आख्खी ट्रॉली?" असं ओरडलीच पोरं. डोळ्याला न दिसणारा थर, आणि वजनाला साधारण ५ टन.

पालकांशी बोलताना एक वाक्य नेहमी ऐकू येतं: "आपल्याकडं पाऊसच लई, माती जाणारच." हे अर्धंच खरं आहे. जूनमधला जोराचा पाऊस नांगरलेल्या उघड्या रानावर पडतो आणि ओढा लाल करून जातो. तेवढाच पाऊस ऑगस्टमध्ये पडला तर पाणी बरंच निवळ असतं, कारण तोवर हिरवं अंथरूण पसरलेलं असतं. लँगबाईन आणि शूम या अमेरिकी अभ्यासकांनी १९५८ मध्ये नद्यांच्या गाळाचा ताळा मांडला होता. त्यात सर्वांत जास्त गाळ अतिपावसाच्या मुलखात नव्हे, निमकोरड्या मुलखात निघाला. जमीन झाकायला पुरेसं गवत नाही, पण माती वाहायला पुरेसा पाऊस आहे, असा तो मुलूख.

आपल्या 'झाडे लावा' पोस्टरवर फक्त उंच झाडं असतात, ते मला खटकतं. सागासारख्या उंच झाडाच्या पानावरून पडणारा थेंब मोठा होऊन पडतो. खालचा पाचोळा वणव्यात जळलेला असेल, तर झाड असूनही माती जाते. पोस्टरवर गवत आणि पाचोळाही काढायला लावा.

त्या मुलीचे वडील पालकसभेला आले तेव्हा त्यांना आडव्या नांगरटीबद्दल बोललो. ते म्हणाले, "सर, वाटणी उभी झालीया. आठ पावलं रुंदीची पट्टी. आडवं नांगरायचं तर बैल वळवण्यातच दिस जाईल." पुस्तकात याचं उत्तर नाही. शेजारची पट्टी त्यांच्या भावाची. दोघांत बोलणं जेमतेम.

पण उताराची लांबी मध्येच तोडली तरी पाण्याची धाव मोडते. त्यासाठी दोन्ही पट्ट्यांतून एका रेषेत गवताची आडवी पट्टी राखावी लागते, एकट्याने राखून पाणी शेजारून फुटतं. काका-पुतणीने घरी काय बोलणं घातलं माहीत नाही, पण यंदा दोघा भावांनी हातभर रुंदीचं गवत नांगराविना सोडलं आहे. पोरांनी त्याच्या वर आणि खाली पाच-पाच लांब खिळे ठोकलेत, डोकं मातीबरोबर ठेवून. दर शनिवारी पट्टी घेऊन जातात. खालचे खिळे डोकं वर काढायला लागलेत. वरच्यांपैकी दोन गाळाखाली गेले, ते शोधताना परवा अर्धा तास गेला.