रिकामं खोकं

केशोरीहून जिल्ह्याचं ठिकाण शंभर किलोमीटरच्या आसपास. गोठणगाव, अर्जुनी मोरगाव, नवेगावबांध, कोहमारा आणि पुढे. एवढ्या लांब गाडी पासिंगला नेली आणि फेल होऊन परत आणली. त्या फेल होण्याचं दुःख केव्हाच गेलं. जे अजून जात नाही ते दुसरंच आहे.

गाडी 2009 ची. छोटी पेट्रोल कार, शिक्षकाच्या पगारातून हप्त्यांवर घेतलेली. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, ती 2024 मध्ये संपत आली. पुढची पाच वर्षं चालवायची तर गाडी दाखवून पुन्हा नोंदणी करावी लागते. फी 5,000 रुपये. एप्रिल 2022 च्या आधी हेच काम 600 रुपयांत होत होतं. वर पर्यावरण कर. निवृत्त माणसाला हा खर्च जड जातो, पण गाडी विकायची नव्हती. आमच्या आळीत रात्री-बेरात्री कोणाला साप चावला, कोणाचं पोट दुखलं, की आधी आमचं दार वाजतं.

पासिंगच्या महिनाभर आधी ब्रेकचं काम करून घेतलं. पायडल खाली जात होतं, हँडब्रेक पार वरपर्यंत ओढावा लागत होता. गॅरेज कोणतं, कुठलं, ते लिहीत नाही. मेकॅनिक ओळखीचा, त्याचा मुलगा माझ्या वर्गात होता. संध्याकाळी गाडी आणायला गेलो तर म्हणाला, "पुढचे पॅड नवे टाकले, मागचे लायनर नवे टाकले, ऑइल बदललं. आता बिनघोर जा जी, गुरुजी." मी 2,800 रुपये दिले. बिल मागितलं नाही. ओळखीच्या माणसाकडे बिल मागणं आमच्याकडे बरं दिसत नाही. त्याने नव्या पॅडचं रिकामं खोकं माझ्या हातात ठेवलं. मी ते डिकीत टाकलं.

दोन-चार दिवसांतच ब्रेक दाबला की खर्र आवाज यायला लागला. फोन केला. "नवे पॅड आहेत गुरुजी, बसायला टाइम लागते." नवे पॅड बसायला थोडा वेळ लागतो हे खरंच आहे, म्हणून मी गप्प बसलो.

तपासणीला एक तरुण निरीक्षक बाई होत्या. चेसिस नंबर पाहिला, दिवे पाहिले, वायपर चालवून पाहिला, मग शेजारी बसल्या आणि गाडी ट्रॅकवर घ्यायला सांगितली. वेग घेतला, त्यांनी "ब्रेक" म्हटलं, मी पाय दाबला आणि गाडी डावीकडे सरकली. पुन्हा घेतली, पुन्हा तेच. खाली उतरून म्हणाल्या, "सर, गाडी डावीकडे ओढते. उजव्या बाजूचा ब्रेक लागत नाही. काम करून परत आणा."

मी हुज्जत घातली. महिन्यापूर्वीच नवे पॅड टाकलेत म्हणालो. त्या म्हणाल्या, "बिल आहे का?" मी खोकं दाखवायला निघालो. त्यांनी हाताने थांबवलं आणि पुढच्या गाडीकडे गेल्या. परतताना कोहमाऱ्यापर्यंत माझ्या डोक्यात एकच, मी एजंट धरला नाही म्हणून ही शिक्षा. घरी येऊन बायकोलाही तसंच सांगितलं. त्या बाईंबद्दल मी जे बोललो ते आठवलं की आता मान खाली जाते.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मेकॅनिकने पुढचं उजवं चाक उघडलं. तो काही बोलला नाही, फक्त मला खाली बसवून बोट दाखवलं. पॅडचा मसाला संपलेला होता. लोखंडी पट्टी सरळ डिस्कवर घासत होती आणि डिस्कवर नखाला लागतील इतक्या खोल गोल रेघा पडल्या होत्या. डावीकडचा पॅड थोडा शिल्लक होता, म्हणूनच गाडी तिकडे ओढत होती. पॅडच्या पाठीवर काळा रंग मारलेला. मागचे ड्रम काढले. लायनर जुनेच, वरून पॉलिश पेपर घासून खरखरीत केलेले. एकही वस्तू नवी नव्हती.

मग मी डिकीतून खोकं काढलं. त्यावर दुसऱ्याच गाडीचं नाव छापलेलं होतं. ठळक अक्षरांत. महिनाभर ते माझ्या डिकीत पडून होतं. ज्याने आयुष्यभर पोरांना वाचायला शिकवलं, त्याने ते एकदाही वाचलं नाही.

तिथे ओट्यावर बसल्या बसल्या मला त्या महिन्यातली एक रात्र आठवली. शेजारच्या सुनेच्या कळा सुरू झाल्या होत्या. तिला घेऊन अर्जुनी मोरगावच्या ग्रामीण रुग्णालयात निघालो. मागच्या सीटवर ती, तिची सासू आणि एक आत्या. गोठणगावच्या पुढे जंगलात चितळांचा कळप रस्त्यावर आला. मी ब्रेक दाबला, गाडी खरखरत डावीकडे गेली आणि साइडपट्टीच्या मुरमावर कशीबशी थांबली. शेवटचं चितळ बॉनेटपासून हातभर अंतरावरून गेलं. सासूबाई म्हणाल्या, "हळू चालवा जी गुरुजी." मी मनात म्हटलं, मुरमावर चाक घसरलं असेल. साठच्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास 17 मीटर जाते. ब्रेकवर पाय पोहोचेपर्यंतच तेवढं अंतर संपतं. तेव्हा मी चाळीसच्या वेगात होतो म्हणून निभावलं. पोरगी झाली, ती आता अंगणात रांगते. तिला पाहिलं की मला खोकं दिसतं.

पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून मी त्या गॅरेजवर गेलो. काय काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं. त्याने पुडी उघडली, पाहिली, बंद केली. म्हणाला, "गुरुजी, पंधरा वर्षांच्या गाडीला नवा माल कायले टाकता? पासिंग तं तशीच होऊन जाते." तो ओशाळला नव्हता. त्याला वाटत होतं, त्याने मला शहाणपणाचीच गोष्ट सांगितली. मग गल्ल्यातून 1,000 रुपये काढून पुढे केले. मी ते घेतले, मुकाट्याने, आणि निघून आलो. चोरीपेक्षाही हे मला जास्त बोचतं. बिल असतं तर जिल्हा ग्राहक आयोगात गेलो असतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही. पण माझ्याकडे दाखवायला होतं ते दुसऱ्या गाडीचं खोकं.

त्याच्या बोलण्यातलं "तशीच होऊन जाते" मात्र डोक्यातून गेलं नाही. ते त्याच्या मनचं नव्हतं. गाडी न पाहता प्रमाणपत्रं दिली जातात, अशी जनहित याचिका पुण्याच्या श्रीकांत कर्वे यांनी 2013 साली मुंबई उच्च न्यायालयात केली होती. त्यातूनच प्रत्येक परिवहन कार्यालयाला ब्रेक तपासायला 250 मीटरचा ट्रॅक हवा, असा आदेश आला. ज्या ट्रॅकवर माझा अपमान झाला असं मला वाटलं, तो असा कोर्टात भांडून मिळालेला आहे. दुसरं असं की, टॅक्सी-ट्रकची तपासणी आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी होते. आपल्या घरच्या गाडीचे ब्रेक सरकार पहिल्यांदा पाहतं ते पंधराव्या वर्षी. मधल्या काळात पीयूसी होते, ती धूर पाहते. गाडी थांबते की नाही, हे कोणी पाहत नाही.

मेकॅनिककडून काम करून घेताना समोर बसा. जुना माल हातात मागा, तो तुमचाच असतो. खोक्यावरचं नाव वाचा. बिल घ्या, ओळखीचा असला तर आधी घ्या. ब्रेक ऑइलची पातळी आपोआप खाली जात असेल तर वरून ऑइल ओतून मोकळे होऊ नका. पॅड झिजले किंवा कुठे गळती असली तरच ती खाली जाते.

हे सगळं लिहिणारा मी अजून त्याच गॅरेजवर पंक्चर काढायला जातो. जवळ दुसरं नाही. मिरचीच्या हंगामात चाकात बाभळीचा काटा शिरला की कुठे जाणार? गावात मी त्याचं नाव घेतलेलं नाही. मुलगा माझा विद्यार्थी, घरात म्हातारी आई. कधी वाटतं माफ केलं. कधी मध्यरात्री जाग येते आणि वाटतं, चौकात उभं राहून सांगायला हवं होतं.

नवी डिस्क, नवे पॅड, नवे लायनर टाकून गाडी पुन्हा नेली. त्याच बाई होत्या. गाडी सरळ रेषेत थांबली. मी "मॅडम, त्या दिवशी तुमचं बरोबर होतं" म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि सही केली. कागद 2029 पर्यंतचा आहे. तोपर्यंत या गाडीचे ब्रेक पाहायला कोणी येणार नाही, ते मलाच पाहायचे आहेत. तुमच्या गाडीचे तुम्ही पाहा.