अंगण खरेंच वांकडें असेल तर?

‘नाचतां येईना, अंगण वांकडें’ ही म्हण आपल्या घराघरांतून इतक्या सहजपणें उच्चारली जाते कीं, तिच्यांतील न्यायनिवाडा एकतर्फी आहे अशी शंकाहि कोणास येत नाहीं. नाचणारा अंगणास नांवें ठेवतो म्हणजे तो आपलें अज्ञान झांकतो, असें ती गृहीत धरते. अंगणाची पाहणी करण्याची तसदी मात्र ती घेत नाहीं. गेल्या वर्षीं आमच्या घरीं एक नवी इलेक्ट्रिक गिटार आली आणि तिच्यामुळें या म्हणीची दुसरी बाजू तपासण्याचा प्रसंग आम्हांवर आला. तो वृत्तांत, व त्यावरून सुचलेले चार विचार, वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

गिटार हवी होती ती आमच्या थोरल्या बंधूंच्या चौदा वर्षांच्या मुलाला. घरांत तंबोरा आहे, पेटी आहे. मग ही तिसरी कशाला, असें तात्यांनीं प्रथम विचारलें खरें. पण मुंजींत जमलेले पैसे मुलानें सहा वर्षें पोस्टांत जपून ठेविले होते, ते सर्व तो या कामीं घालावयास निघालेला पाहून उरलेली रक्कम तात्यांनींच दिली. खोकें आलें. तांबडी लखलखीत गिटार, तिच्या जोडीला लहानसा अ‍ॅम्प्लिफायर. पहिल्या आठवड्यांत घरांत दुसरा विषय नव्हता. तिसर्‍या आठवड्यांत गिटार कपाटाला टेकून उभी राहिली.

‘हौस फिटली’, असा निकाल घरांत कोणीं दिला. ‘रोज तासभर बोटें झिजविल्याशिवाय विद्या येते थोडीच’, असा कोणीं. आम्हांस त्या मुलाच्या वागण्यांत एक निराळीच गोष्ट दिसत होती. कंटाळलेलें मूल वाद्याकडे ढुंकूनहि पाहत नाहीं. हा मुलगा घरांतील माणसें बाहेर गेलीं कीं गिटार उचली आणि कोणाची चाहूल लागली कीं खालीं ठेवी. हें कंटाळ्याचें लक्षण नव्हे, लाजेचें होय. विचारल्यावर तो एवढेंच म्हणाला, “माझ्या बोटांत सूरच नाहीं.” चौदाव्या वर्षीं माणूस स्वतःविषयीं जीं मतें बनवितो, तीं पुढें चाळीस वर्षें त्याच्या मानगुटीस बसतात. म्हणून हें वाक्य ऐकून सोडून देण्यासारखें आम्हांस वाटलें नाहीं.

कोडें सोडविलें तें आमच्या काकूंनीं. काकूंचें माहेर मिरजेचें. सतार आणि तंबोरे घडविणार्‍या कारागिरांचें तें गांव. तेथील सतारीला व तंबोर्‍याला २०२४ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें. काकूंचें बालपण अशाच कारागिरांच्या शेजारांत गेलेलें. एके दिवशीं दुपारीं वाती वळीत बसल्या असतां त्यांनीं मुलाला हांक मारली आणि म्हणाल्या, “मोकळी तार वाजव. आतां पहिल्या पडद्यावर बोट ठेव. आतां पार वरच्या पडद्यावर. पुन्हां मोकळी.” असें दोन-तीन वेळां झाल्यावर त्यांनीं सांगितलें, “मोकळी तार सुरांत आहे. खालीं बोट ठेवलेंस कीं सूर चढतो. वर गेलास कीं इतका चढत नाहीं. बाळ, हा तुझ्या बोटाचा दोष नव्हे. हिची अटी उंच राहिली आहे.”

दांडीच्या शिराशीं ज्या पट्टीवरून तारा खुंट्यांकडे जातात, त्या पट्टीस तंबोर्‍यांत अटी म्हणतात. गिटारीच्या अशाच पट्टीला नट म्हणतात आणि तिच्यांत प्रत्येक तारेसाठीं एक खांच असते. काकूंचें बोलणें किती बरोबर होतें हें गणितानेंहि समजतें. आमच्या गिटारीच्या जातींत नटापासून घोडीपर्यंत तारेची लांबी ६४८ मिलिमीटर धरितात. पहिला पडदा या लांबीच्या सुमारें १७.८ व्या हिश्श्यावर, म्हणजे नटापासून ३६ मिलिमीटरांहून थोडा पुढें येतो. पुढचा प्रत्येक पडदा उरलेल्या लांबीच्या तितक्याच हिश्श्यावर. आणि बारावा बरोबर मध्यावर, जेथें सूर दुप्पट होतो. हा हिशेब तार पडद्याला जवळजवळ लागूनच आहे असें धरून केलेला असतो. नटाची खांच उथळ राहिली तर तार उंच राहते, ती पडद्यापर्यंत दाबतांना ताणली जाते, आणि ताण वाढला कीं सूर चढतो. हा परिणाम नटाच्या अगदीं जवळ, पहिल्या दोन-तीन पडद्यांवर, सर्वांत अधिक असतो. वर जावें तसा तो विरत जातो.

आतां यांतील अन्याय पाहा. नवशिक्याचे पहिले सारे पाठ याच पहिल्या तीन पडद्यांवर असतात. जेथें वाद्याचा दोष सर्वांत मोठा, तेथेंच त्याला बसविलें जातें. शिवाय उंच तार दाबावयास जोर लागतो, बोटांच्या अग्रांना घट्टे पडतात, आणि इतकें करूनहि जुळणी बेसूरच वाजते. मुरलेला वादक हातीं घेतांक्षणीं सांगेल कीं वाद्य बिघडलेलें आहे. नवशिक्याजवळ तुलनेला दुसरें वाद्य नसतें आणि स्वतःच्या कानावर विश्वासहि नसतो. सर्वांत स्वस्त, म्हणजे सर्वांत कमी तपासलेलें वाद्य त्याच्याच हातीं येतें, आणि त्या वाद्याचा दोष त्याच्याच खात्यावर मांडला जातो.

दुसर्‍या दिवशीं आम्ही आणि मुलगा मिळून वाद्याची रीतसर तपासणी करावयास बसलों. एक नियम मात्र कटाक्षानें पाळला: मोजावयाचें, पण कांहींहि फिरवावयाचें नाहीं, नाहींतर बिघाड तुम्हींच केला असें म्हणावयास विकणारा मोकळा. दुसर्‍या व तिसर्‍या पडद्यांच्या मध्यें तार दाबून धरली, तर पहिल्या पडद्यावर ती केसभरच सुटलेली असावी. आमच्या गिटारीवर तेथून पोस्टकार्ड सहज सरकत होतें. मोबाइलमधील सूर मोजण्याच्या सोयीनें पाहतां, अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर पहिल्या पडद्यावर सूर वीस ते तीस भाग चढत होता. दांडीच्या कडेनें तळहात फिरविला तर पडद्यांचीं टोंकें करवतीसारखीं लागत. याचें कारण प्रत्येक गृहस्थास ठाऊक आहे. पावसाळ्यांत फुगणारें आणि उन्हाळ्यांत सैल होणारें दार कोणाच्या घरीं नाहीं? लांकूड सुकलें कीं रुंदींत आकसतें, धातूचा पडदा आकसत नाहीं. मग त्याचीं टोंकें बाहेर डोकावतात. चौथा दोष विजेचा: तारेचें बोंड जेथें गिटारींत खोंचतात तेथील जोड सैल, त्यामुळें हललें कीं खरखर.

दोषांची यादी करतांना वाद्याचा स्वभाव तींत मिसळूं नये, ही खबरदारी आम्हीं घेतली. नव्या तारा पहिले कांहीं दिवस उतरतात, तो दोष नव्हे. एकेरी वेटोळ्याचा पिकअप घरांतील विजेची घरघर उचलतो, तोहि त्याचा स्वभावच. ती घरघर मारण्यासाठीं अमेरिकेंत गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनीं १९५५ सालीं दोन वेटोळ्यांचा पिकअप योजिला. दांडी ऋतुमानाप्रमाणें किंचित् वांकते. सहा तारांचा मिळून ताण सुमारें ४५ किलो असतो, म्हणून तिच्या पोटांत पोलादी सळई घालून पेंचानें बाक कमी-जास्त करण्याची सोय असते. या सळईचें पेटंट गिब्सनच्याच थॅडियस मॅकह्यू यांच्या नांवें १९२३ सालीं झालें. जी गोष्ट पेंच फिरवून जागेवर येते, तिच्याबद्दल आकांत करणें व्यर्थ होय.

तक्रारीस पहिलें उत्तर आलें तें असें कीं, नवीं वाद्यें प्रथम अशींच असतात, वाजवितां वाजवितां बोटांना सवय होईल. म्हणजे तीच म्हण पुन्हां, फक्त व्यापारी भाषेंत! तात्यांनीं मग स्वतः लेखणी हातीं घेतली. रागाचा एकहि शब्द न लिहितां त्यांनीं सहा तारांचे आंकडे सहा ओळींत मांडले, छायाचित्रें जोडलीं, आणि २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा व त्याखालील २०२० चे ई-व्यापाराचे नियम यांची आठवण करून दिली. त्या नियमांप्रमाणें तक्रारीची पोंच ४८ तासांत देणें व निवारण महिन्याभरांत करणें विक्रेत्याच्या तक्रार-अधिकार्‍यावर बंधनकारक आहे. आंकड्यांपुढें ‘सवय होईल’ हें उत्तर टिकलें नाहीं. पंधरा-वीस दिवसांत गिटार बदलून मिळाली.

परंतु येथेंच गोष्ट संपली असती तर ती लिहिण्याचें फारसें प्रयोजन नव्हतें. दुसर्‍या गिटारीचा विजेचा जोड पक्का होता. नट मात्र थोडी उंचच, आणि पडद्यांचीं टोंकें तशींच बोचरीं. तात्यांचें मत पडलें, हीहि परत पाठवावी; पूर्ण किंमत मोजल्यावर अपुरी वस्तु कां घ्यावी? त्यांच्या म्हणण्यांत तथ्य होतें. मुलगा गिटार पोटाशीं धरून गप्प बसला होता. त्याला आणखी महिनाभर रिकाम्या हातानें बसणें नको होतें. काकू म्हणाल्या, “तिसरी मागवाल तीहि त्याच घाण्यांतून येईल. तंबोरा कारागिराच्या घरून जवारी काढूनच निघतो. ही जवारी काढल्यावांचून निघाली आहे. ती कोणीतरी काढली पाहिजे, इतकेंच.”

तंबोर्‍याच्या घोडीचा माथा कानशीनें हळूहळू घांसून तार त्यावर नेमकी किती टेकावी हें ठरविणें म्हणजे जवारी काढणें. भोपळा, दांडी, खुंट्या सर्व तयार झाल्यावर होणारें हें शेवटचें काम, आणि तें कानानें करावयाचें असतें. गिटारीच्या कारखान्यांतहि असेंच आहे. लांकूड कापण्याचें काम आतां यंत्रें इतक्या अचूकपणें करितात कीं, स्वस्त गिटारीची बैठकहि पूर्वीपेक्षां पुष्कळ चांगली असते. राहतें तें खांचा खोल करण्याचें, टोंकें घांसण्याचें काम. त्याला माणसाचा वेळ लागतो, आणि किंमत उतरवावयाची झाली कीं कात्री प्रथम तेथें लागते.

या संबंधांत लिओ फेंडर यांची हकीकत लक्षांत घेण्यासारखी आहे. कॅलिफोर्नियांतील फुलर्टन गांवीं हे गृहस्थ रेडिओ दुरुस्त करीत. दांडी स्क्रूनें जोडलेली, सुटे भाग जुळवून करावयाची भरीव गिटार त्यांनीं १९५० सालीं बाजारांत आणली व १९५४ सालीं स्ट्रॅटोकास्टर. त्यांना स्वतःला गिटार वाजवितां येत नसे! म्हणून ते आपले नमुने वादकांच्या हातीं देत व त्यांच्या तक्रारी ऐकून फरक करीत. करणारा आणि वाजविणारा यांच्यामध्यें एक जाणता कान असला म्हणजे न वाजविणार्‍या माणसाच्या कारखान्यांतूनहि उत्तम वाद्य निघतें. नवशिक्याच्या गिटारीला कारखान्यांत तो कान भेटत नाहीं आणि घरींहि भेटत नाहीं. खोक्यांतून निघालेली ती थेट अजाण हातांत पडते.

शेवटीं काकूंचें मत मान्य झालें. आमच्याच शहरांतील एका कारागिरानें दीड तासांत सहा खांचा योग्य तेवढ्या खोल केल्या, पडद्यांचीं टोंकें गोल केलीं, सळईचा पेंच पाव फेरा फिरविला, घोडीवरील सहा टेकू मागें-पुढें सारून बाराव्या पडद्यावरचा सूर मोकळ्या तारेच्या बरोबर दुप्पट करून दिला. गिटारीच्या किमतीचा आठवा हिस्सा या कामीं गेला. खांच अधिक खोल गेली तर तार खरखरते आणि नट नवी घालावी लागते. म्हणून हें काम घरीं स्वयंपाकघरांतील कानशीनें करण्यासारखें नाहीं, एवढें सांगून ठेवितों.

मुलगा त्यानंतर थोर वादक झाला असें मुळींच नाहीं. त्याच्या चुका होतात, आणि पुष्कळ होतात. पण परवां तो सहज बोलून गेला, “आतां चुकलें तर माझेंच चुकतें, हें कळतें.” हें सांगतांना त्याच्या चेहर्‍यावर समाधान होतें. आपली चूक आपली म्हणून ओळखूं येणें ही शिक्षणाची पहिली पायरी होय. आणि वाद्य खोटें बोलत असेल तर त्या पायरीवर पाऊल ठेवतांच येत नाहीं. ज्या मुलाला फळ्यावरचें दिसत नाहीं त्याला ‘ढ’ म्हणण्यापूर्वीं आपण आतां चष्म्याचा विचार करतों. वाद्याच्या बाबतींत मात्र आपला निकाल अजून तपासणीच्या आधीं लागतो.

ज्या घरांत मुलासाठीं गिटार येणार असेल, त्यांनीं किमतींतला थोडा हिस्सा या शेवटच्या कामासाठीं आधींच राखून ठेवावा, आणि वस्तु हातीं येतांच, परतीची मुदत असेपर्यंत, वाजविणार्‍या कोणा जाणत्याकडून ती एकदां वाजवून घ्यावी. मुलगा मन लावून बसत नाहीं असें वाटलें, तर त्याला चार शब्द सुनावण्याआधीं सहा तारा, सहा खांचा आणि पहिला पडदा पाहावा. दहा मिनिटांचें काम आहे.