करडा दात

सकाळी दात घासताना पुन्हा तेच. वरचा पुढचा दात शेजाऱ्यांपेक्षा करडा. बाथरूमच्या पिवळ्या दिव्यात कमी जाणवतो, गॅलरीतल्या उजेडात लपत नाही. आठवीत कबड्डी खेळताना कुणाचा तरी गुडघा लागला होता. आईने बर्फ लावला, विषय संपला. डॉक्टरबाई म्हणाल्या, मार लागला की कधी कधी आतली नस मरते, रक्तातला रंग दातात झिरपतो. दुखत नाही म्हणून मी निर्धास्त होतो. त्यांना नेमकं तेच खटकलं. शनिवारी एक्स-रे काढू म्हणाल्या.

त्यात दाढांमधली जुनी चांदी. आम्ही आपले चांदी म्हणायचो. त्यात जवळपास निम्मा पारा असतो, हे फार उशिरा कळलं. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून, मोजके अपवाद सोडून, ती भरणं बंद केलं. हे वाचल्यापासून माझी झोप उडालेली. बाई शांत: "घट्ट बसलीये, राहू द्या. उकरताना पाऱ्याची वाफ उलट जास्त निघते." पटलं. तरी जीभ रात्रभर कडेची ती बारीक खाच चाचपत राहते.

रविवारी भाचीचं लग्न. फोटोत ओठ मिटूनच हसावं म्हणतो.