लेझरने नस वाढते का?

परवा ओपीडीत एक वडील आले. मुलगा झाडावरून पडून कंबरेखाली लुळा झालेला. खिशातून वर्तमानपत्राचं कात्रण काढून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, लेझरने नस वाढते म्हणे. जमीन विकतो, पण पोराला उभं करा."

बातमी खोटी नव्हती. वाढणाऱ्या मज्जातंतूच्या टोकाला अ‍ॅक्टिन नावाच्या प्रथिनाचं जाळं असतं. ते ज्या बाजूला वाढतं, तिकडे तंतू वळतो. २००२ मध्ये लाइपझिग आणि टेक्सासच्या शास्त्रज्ञांनी या टोकाच्या एका कडेवर लेझरचा बारीक ठिपका धरला. तंतू त्या बाजूला वळला, वाढीचा वेगही वाढला.

पण हे झालं काचेच्या बशीतल्या सुट्या पेशींवर. मणक्यातल्या मज्जारज्जूपर्यंत असा नेमका ठिपका पोहोचत नाही. शिवाय तिथला व्रण तंतूंची वाट अडवतो.

मी म्हटलं, "काका, जमीन राहू द्या. दर दोन तासांनी पोराची कूस बदला, लघवीची नळी स्वच्छ ठेवा, व्यायाम चुकवू नका."

कात्रणाची घडी घालून त्यांनी ते पुन्हा खिशात ठेवलं. फेकून द्या, असं मी म्हटलं नाही.