तो, ती, ते आणि नोकरी

म्युनिकमध्ये कोड इंग्रजीत लिहिला तरी चालतं हो, पण क्लायंटशी बोलायचं तर जर्मनच! नोकरीच्या जाहिरातींत 'बी-२ आवश्यक' हे ठरलेलं. माझं कॉन्ट्रॅक्ट मार्चमध्ये संपतंय, म्हणून दर शनिवारी सकाळी क्लास. शिवाय ब्लू कार्डवाल्यांना बी-१ असेल तर २१ महिन्यांनी कायमचा परवाना मिळू शकतो, नुसत्या ए-१ वर २७ महिने थांबा. म्हणजे भाषेची किंमत सहा महिने!

आता गंमत ऐका. डेर, डी, दास बघून वर्गातले इंग्रजीवाले रडकुंडीला येतात. आपलं तो-ती-ते तर लहानपणापासूनचं. लिंगं जुळतीलच असं नाही (त्यांचा सूर्य स्त्रीलिंगी, बोला!), पण टेबलालाही लिंग असतं याचा धक्का बसत नाही. 'आइन-उंट-त्स्वान्झिश' म्हणजे 'एक आणि वीस', थेट आपलं एकवीस. 'वाइल' म्हणजे 'कारण' आलं की क्रियापद वाक्याच्या शेवटी जातं, अगदी आपल्यासारखंच. म्हणून मी मनात इंग्रजी बंद करून मराठीच चालू ठेवतो.

येत्या गुरुवारी पहिला जर्मन इंटरव्ह्यू आहे. धाकधूक आहेच. पण माझं क्रियापद येईपर्यंत समोरचा थांबेल... त्यांना सवय असते :)